अग्रशाळांची कुलपे आणि लेखकाची बैठक

लिहिण्यासाठी घराबाहेर एखादे स्फूर्तिदायक स्थळ शोधावे, असा उपदेश हल्ली जो तो करीत असतो. उपदेश करणाऱ्यांची दोन कुळे आहेत. पहिल्या कुळाला समुद्र लागतो, डोंगर लागतो, कौलारू बंगला आणि त्यापुढे माडांची रांग लागते. आणि हे सर्व दर दिवसाच्या भाड्याने मिळते, याचा त्याला अभिमानच वाटतो. दुसरे कुळ कर्मठ आहे. खऱ्या प्रतिभेला जागा लागत नाही, ज्याला लिहावयाचे तो कोठेही लिहितो, असे म्हणून ते हात झटकून मोकळे होते. पहिल्याचे म्हणणे आम्हांला पोरकट वाटते, दुसऱ्याचे निर्दय. या दोघांच्या गलबल्यात जो साधा प्रश्न बुडून जातो, तो आम्ही आज वाचकांपुढे, आणि विशेषतः देवस्थानांचे जे महाजन, कुळावी व व्यवस्थापक ही पाने वाचतात त्यांच्यापुढे, स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत. आपल्या देवळांच्या अग्रशाळांतील किती खोल्या वर्षाचे कित्येक महिने कुलूपबंद पडून असतात. आणि आपल्याच गावातील लिहित्या माणसाला चार तास निवांत बसावयास जागा नाही. ही दोन्ही विधाने एकाच गावाविषयी खरी असावीत, याची आपल्याला खंत कशी वाटत नाही?

गोमंतकाच्या वाट्याला तर याबाबतीत एक चमत्कारिक भाग्य आलेले आहे. मुंबई, दिल्ली, बंगळूर येथून लोक 'स्फूर्ती' घेण्यासाठी आमच्याकडे येतात. किनाऱ्यालगतच्या जुन्या घरांतून लेखनशिबिरे भरतात, चार दिवसांचे शुल्क आमच्या शिक्षकाच्या पगारात मोठे भोक पाडील एवढे असते, आणि शिबिरार्थी मांडवीवरील सूर्यास्ताचे छायाचित्र काढून परत जातात. त्यांनी यावे, अतिथीशी आमचे भांडण नाही. पण ज्या भूमीत परक्याला स्फूर्ती विकत मिळते, त्या भूमीच्या लेकराला एक टेबल फुकट मिळू नये, हा व्यवहार आम्हांला कळत नाही. मडगावच्या किंवा फोंड्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजारी आई, दूरदर्शनसंच, अभ्यास करणारी मुले आणि शेजारच्या इमारतीचे बांधकाम यांच्यामध्ये बसून जो मराठीत कादंबरी किंवा कोंकणीत कथा लिहू पाहतो, त्याला समुद्र दाखविण्याचे कारण नाही. समुद्र त्याने पाहिलेला आहे. त्याला दार हवे आहे, जे आतून लावता येईल.

स्थलमाहात्म्य आम्ही नाकारीत नाही. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ कारवारला आपले ज्येष्ठ बंधू, तेथील न्यायाधीश सत्येंद्रनाथ, यांच्याकडे येऊन राहिले. काळी नदीतून होडीने हिंडले, चांदण्यात वाळवंटावर बसले, आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी त्या मुक्कामात लिहिले. कारवारचा किनारा आपल्याच भाषांचा किनारा असल्यामुळे ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मात्र ती सांगताना एक तपशील गाळतो. रवींद्रनाथांना तेथे भाडे भरावे लागत नव्हते, बाजारहाट करावा लागत नव्हता, आणि दुपारी कोणी हाक मारून उठवीत नव्हते. समुद्राने त्यांना काय दिले ते समुद्र जाणे. मोकळी दुपार मात्र भावाच्या घराने दिली.

दुसऱ्या कुळाचा आवडता दाखला तुरुंगाचा असतो. टिळकांनी 'गीतारहस्य' कोठे लिहिले? मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात. विनोबांची गीता-प्रवचने कोठे झाली? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरून घेणारे साने गुरुजी त्याच तुरुंगातले. त्याच साने गुरुजींनी 'श्यामची आई' कोठे लिहिली? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. मग म्हणे, कोठडीत जे झाले ते तुमच्या घरात का होऊ नये! हा युक्तिवाद ऐकून ऐकून आम्ही विटलो आहोत, कारण तो नेमका उलट्या बाजूने खरा आहे. टिळकांना मंडालेत मोजलेल्या पानांच्या बांधीव वह्या मिळाल्या आणि शाईऐवजी पेन्सिल मिळाली; ग्रंथ मागवावयास परवानगी मिळाली; आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे केसरी, सभा, खटले, भेटीला येणारी माणसे यांपासून सरकारने त्यांना सक्तीने दूर ठेवले. सरकारचा हेतू दुष्ट होता. परंतु पुण्याने आपल्या सर्वांत थोर माणसाला जो निवांतपणा कधी दिला नव्हता, तो शत्रूने दिला. तुरुंगाचा दाखला देणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? जागा लागत नाही हे, की आपला समाज आपल्या लेखकाला इतकी थोडी जागा देतो की त्याने त्यासाठी तुरुंगात जावे हे?

दुकान सांभाळून लिहिणाऱ्यांचाही दाखला मिळतो. माजोर्ड्याचे दामोदर मावजो वर्षानुवर्षे दुकान चालवीत लिहीत राहिले आणि ज्ञानपीठापर्यंत पोहोचले, हे खरे आहे आणि आम्हांला त्याचा आनंद आहे. पण एक माणूस पूर आलेली नदी पोहून गेला, म्हणून पूल बांधू नये, असे गावसभेत कोणी म्हटले तर त्याला आपण काय म्हणू?

आता आपल्या परंपरेकडे वळू. परंपरेच्या नावाने देवळे चालविणाऱ्यांना तिचा हा भाग आठवत नाही, अशी आमची तक्रार आहे. मराठीचा आद्य महाग्रंथ कोणाच्या घरात लिहिला गेला नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे परंपरा सांगते, तो खांब आजही तेथे उभा आहे आणि त्याच्याभोवती देऊळ आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला 'पैस' हे नाव दिले ते याच खांबावरून. आम्हांला त्या चित्रात खांबाइतकाच महत्त्वाचा वाटतो तो सच्चिदानंदबाबा, लिहून घेणारा. एकाला टेकावयास खांब, दुसऱ्याला मांडी घालून लिहावयास फरशी, आणि ऐकणाऱ्यांना सावली, एवढे त्या मंडपाने दिले. कोणी व्यवस्थापक येऊन 'येथे कागद पसरू नका' म्हणाला नाही. म्हणाला असता तर?

एकनाथांचा पैठणचा वाडा लहान नव्हता. तरीही भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, पूर्ण झाली ती काशीक्षेत्रात. तुकोबांचे घर देहूत, दुकान देहूत, सावकारी आणि दुष्काळाचे चटकेही देहूतच. अभंगासाठी ते भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर जात. दासबोध शिवथरच्या घळीत सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी लिहिला, ही समर्थसंप्रदायाची श्रद्धा आहे. महानुभावांचे म्हाइंभट तर चक्रधरांच्या लीळा गोळा करण्यासाठी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्यापर्यंत स्वतः पायपीट करीत गेले, आणि मग ऋद्धिपुरात बसून त्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला. मराठी गद्याचा पाया असा वाटेवर आणि देवाच्या आवारात घातला गेला. आमच्या बाजूला यावे तर बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये आहेत. इन्सुलीच्या रानात त्यांना साक्षात्कार झाला असे लोक सांगतात. पुढे घर सोडून ते उत्तरेत माळव्यापर्यंत गेले, आणि आज ग्वाल्हेर-उज्जैनीच्या मराठी मंडळींनाही ते आपले वाटतात.

या सर्व ठिकाणांत समान काय आहे? सौंदर्य म्हणाल तर शिवथरला आहे, नेवाशाच्या त्या खांबात फारसे नाही. समान आहे ते हे की घराचे मागणे तेथे पोहोचत नाही, आणि माणूस तेथे पूर्णपणे एकटाही नसतो. घळीत कल्याण आहे, मंडपात श्रोते आहेत, काशीत विद्वानांची सभा आहे. निवांतपणा आणि सान्निध्य या दोन गोष्टी एकत्र देणारी जागा आपल्या समाजाने एकच बांधली, आणि तिला आपण देऊळ म्हणतो.

गोमंतकातील देवळांनी तर लेखनाशी असलेले नाते दगडावर कोरून ठेवले आहे. बांदिवड्याला नागेशीच्या आवारात १४१३ सालचा दानलेख आहे. देवदर्शनाला येणारे त्याच्या शेजारून जातात आणि बहुधा थांबत नाहीत. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णचरित्राची मराठी कथा रचावयास घेतली. तीच केळशी, जिथून पुढे सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात शांतादुर्गेला कवळ्याला यावे लागले. त्याच दशकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला. देव नेता आले, पोथ्या सर्वच नेता आल्या नाहीत. त्या काळातील आपल्या रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा आणि मराठी रचना आज कोठे सापडतात? पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरविलेल्या. ज्यांनी आपले लेखन संशयाने पाहिले त्यांच्याच कपाटात ते टिकले, कारण त्यांच्यापाशी कपाट होते. १६८४ साली व्हाइसरॉयने कोंकणीच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला तेव्हाही देवळांच्या अंगणात दोन्ही भाषा एकमेकींच्या आधाराने जगल्या: घरी आणि बाजारात कोंकणी, कीर्तनात, पुराणात आणि पोथीत मराठी. पुढे पोर्तुगीज अमदानीतच किती गावांच्या मराठी शाळा देवळांच्या आवारांत भरल्या! आजच्या कित्येक वृद्ध वाचकांनी मुळाक्षरे गिरविली ती अशाच कोणत्या तरी पडवीत. उत्सवांतील नाटके हा तर स्वतंत्र विषय आहे. जत्रेच्या रात्री देवापुढे जे मराठी नाटक होते, त्यासाठी किती गावच्या किती मास्तरांनी आणि कारकुनांनी संहिता लिहिल्या, पदे रचली. त्यांतल्या बहुतेक कोणी जपल्या नाहीत. हे नाते गोमंतकापुरतेही नाही. दूर तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा अतिदीर्घ इतिहास कोरविला, तो मराठीत. तमिळ मुलखात आपल्या भाषेला लिहावयास जी भिंत मिळाली ती देवळाची मिळाली.

हे सर्व असताना आजची स्थिती पाहा. चौकाभोवतीच्या अग्रशाळा या मुळात दूरच्या कुळाव्यांनी देवदर्शनाला येऊन राहावे म्हणून बांधल्या. कोणी नवस फेडावयास येई, कोणी मुलाची मुंज करावयास, आणि कोणी केवळ चार दिवस देवापाशी पडून राहावयास. त्या लाकडी खांबांच्या पडव्या, ती थंड जमीन, समोर दीपस्तंभ, खाली तळी, संध्याकाळचा चौघडा: लेखनाला याहून चांगली बैठक कोणी योजून बांधली नसती. आता ठिकठिकाणी जुनी अग्रशाळा पाडून काँक्रीटची नवी होते. चकचकीत लादी, वातानुकूलित खोल्या, तळाला लग्नाचे सभागृह. दरपत्रक भिंतीवर टांगलेले असते. सभागृहाचे भाडे, खोलीचे भाडे, जेवणाच्या ताटाचा दर, वाहन उभे करण्याचा दर. या दरपत्रकात माणसाने तेथे येऊन काय काय करावे याचा पूर्ण आराखडा आहे, आणि त्यात वाचणे किंवा लिहिणे नाही. सभामंडपात बसावे तर पहाटेपासून ध्वनिक्षेपकावर तबकडी चालू असते. देवाला भजन आवडते हे आम्हांला मान्य आहे. एकच भजन दिवसातून चाळीस वेळा आवडते की नाही, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

आमच्यापैकी दोघांना एका देवस्थानात आलेला अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. देवस्थानाचे नाव आम्ही देत नाही, कारण तेथे घडले ते कोठेही घडले असते. दुपारची आरती होऊन गेली होती, मंडप रिकामा होता, आणि आम्ही एका खांबापाशी वही उघडून बसलो होतो. व्यवस्थापकाने येऊन विचारले, हिशेब कसला चालला आहे? लेख लिहितो आहोत म्हटल्यावर तो अधिकच सावध झाला. देवस्थानाविरुद्ध तर काही नाही ना? नाही म्हटले. मग म्हणाला, येथे जप करा, पोथी वाचा, लिहिण्याचे काम घरी करा. लोक बघून उद्या सगळेच कागद घेऊन बसतील. आम्ही उठलो. वाटेत आम्हांला त्याच्या शेवटच्या वाक्याचेच नवल वाटत राहिले. सगळेच कागद घेऊन बसतील, ही त्याला भीती वाटली. आमच्या मते एखाद्या देवस्थानावर येऊ शकणारी ती सर्वांत शुभ आपत्ती आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातील ते आम्हांला ठाऊक आहेत, कारण तोंडी ते घेतले गेलेच आहेत. पहिला पावित्र्याचा. देऊळ उपासनेसाठी आहे, कथाकादंबऱ्यांसाठी नव्हे. पण आम्ही गाभारा मागत नाही, चौकही मागत नाही; आम्ही अग्रशाळेतील एक खोली मागतो, जिथे आज लग्नाच्या वऱ्हाडाचे पत्ते रात्रभर चालतात आणि कोणाचे पावित्र्य बाटत नाही. ज्या सभामंडपात पुराणिक पोथी सोडून बसे, कीर्तनकार उत्तररंगात लौकिक आख्यान लावी, आणि उत्सवात राक्षसाचे सोंग घेऊन नट नाचे, तेथे शब्दाचे वावडे कधीपासून झाले?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो प्रामाणिक आहे. देवस्थानांना खर्च आहेत. पुजारी, वाजंत्री, माळी, वीज, डागडुजी. लग्नाची खोली फुकट दिली तर नुकसान होते. पण लग्ने बारा महिने होत नाहीत. आषाढी एकादशीला देव झोपी गेला की कार्तिकीला उठेपर्यंत मुहूर्त नाहीत. चार महिने सभागृह रिकामे, खोल्या रिकाम्या, बाहेर गोमंतकाचा धो धो पाऊस. चातुर्मास म्हणजे एका जागी स्थिर बसून चिंतन आणि ग्रंथवाचन करण्याचा काळ, हे धर्माने सांगितले आहे. संन्यासी याच काळात भ्रमण थांबवितो, आपल्या मठांचे स्वामी याच काळात एका ठिकाणी व्रतस्थ राहतात, आणि पूर्वी घरोघर पुराण लागे ते याच काळात. जी गोष्ट पंचांगातच लिहून ठेवली आहे ती लेखकासाठी नव्याने शोधून काढावयाची गरज नाही. श्रावणात मर्दोळला महालसेच्या तळीवर पाऊस पडत असताना अग्रशाळेच्या पडवीत बसून ज्याने एक पान लिहिले, तो ते पान फुकट बसलो म्हणून वाईट लिहील, असे आम्हांला वाटत नाही.

तिसरा आक्षेप असा की लेखक कोण हे ठरवावयाचे कोणी? उद्या कोणीही येऊन मी लेखक म्हणेल. येऊ द्या. दोन दिवस कोऱ्या कागदापुढे बसल्यावर जो लेखक नाही तो आपोआप उठून जातो. या कामात फुकट्यांना मिळण्यासारखे काही नाही.

परंतु जागा कोणाला, या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की ती हसण्यावारी नेता येत नाही. आम्ही जी खोली मागतो ती केवळ महाजनांच्या मुलांसाठी मागत नाही. देवळाने लेखकाला बैठक दिली, असे नेवाशाचे उदाहरण देऊन आम्ही वर म्हटले. त्याच देवळांनी चोखामेळ्याला पायरीशी थांबविले, आणि पंढरपूरचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले, हेही तितकेच खरे आहे. चोखोबाचे अभंग पायरीबाहेर झाले म्हणून ते उणे झाले नाहीत. मंडप मात्र उणा झाला. तेव्हा आज कुळावी आहे का, गोत्र काय, आडनाव काय, असे विचारून खोलीची किल्ली देणार असाल तर ती देऊच नका, आमची सूचना आम्ही मागे घेतो. गावात जो लिहितो त्याला ती मिळाली पाहिजे. मग तो कुळवाडी असो, टॅक्सी चालविणारा असो, की वाणसामानाच्या दुकानातला पोऱ्या असो.

आणि बाईला ती आधी मिळाली पाहिजे. घर हीच लेखनाची खरी जागा, असे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांच्या घरात त्यांच्या खोलीचे दार लोटून घेणारी कोणी तरी असते. जात्यावरच्या ओव्यांचा दाखला देऊन ते म्हणतात, बघा, घरातूनच केवढे काव्य निघाले! निघाले खरे. पण ते लिहिले कोणी? बहिणाबाई चौधरींची गाणी शेतात आणि जात्यावर झाली. कागदावर उतरली ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी टिपून ठेवली म्हणून. आणि पुस्तक निघाले ते १९५२ साली, त्या वारल्यानंतर वर्षाने. ज्यांचा मुलगा कवी नव्हता अशा बहिणाबाई किती झाल्या, ते जात्यांनाच ठाऊक. घराने बाईला ओवी दिली, वेळ दिला नाही. आमच्या ओळखीतील एक बाई रविवारी देवदर्शनाच्या निमित्ताने बाहेर पडतात आणि तळीच्या पायऱ्यांवर बसून वहीत लिहितात. घरी सांगताना त्या प्रदक्षिणा घातल्या असे सांगतात. देवाने हे खोटे मनावर घेतले नसावे. पण तिला हे खोटे बोलावयास लावणारे आपण, आपले काय?

गोमंतकाबाहेरील वाचकांना हे सर्व आमच्या देवळांपुरते वाटेल, म्हणून दोन शब्द. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ सालापासूनची आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथेही मराठी मंडळींनी स्थिरावताच देऊळ, गणेशोत्सव आणि ग्रंथसंग्रह या तीन गोष्टी एकापाठोपाठ उभ्या केल्या. त्या वाचनालयांत आज काय दिसते? सकाळी वृत्तपत्र वाचणारे वृद्ध, आणि दिवसभर स्पर्धापरीक्षांची पुस्तके घेऊन आलेले तरुण. दोघांनाही तेथे बसण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण तिसरी खुर्ची नाही. परप्रांतात भाषा टिकविण्याविषयी दरवर्षी परिसंवाद भरविणाऱ्या मंडळांनी एक वर्ष परिसंवादाचा मांडव घालू नये आणि त्या खर्चात कोपऱ्यातील एक खोली लिहिणाऱ्यासाठी रंगवून घ्यावी. तेथे कोणी आलेच नाही, तर निदान भाषेची खरी प्रकृती मंडळाला कळेल.

आमची मागणी किती लहान आहे हे पाहून काहींना हसू येईल. एक खोली, तीत एक टेबल, दोन खुर्च्या, दिवा, पंखा, पाण्याची घागर, आणि शब्दकोशासाठी एक फळी. सकाळच्या पूजेपासून सांजवातीपर्यंत ती उघडी. भाडे नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. बोलणे बाहेर, फोन बाहेर, चहा बाहेर. जे लिहून झाले आणि छापले गेले त्याची एक प्रत देवस्थानाकडे, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांनी ती शोधावयास कोणाला ब्रागाला जावे लागणार नाही. मंगेशी ज्या प्रियोळात आहे त्याच गावात रवींद्र केळेकर राहत आणि लिहीत असत. त्यांचे निधन २०१० साली झाले. त्या पंचक्रोशीत इतकी मोठी देवस्थाने आहेत, आणि त्यांपैकी एकालाही असा कोपरा करणे जड जाईल असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या महाजनांचा कारभार आजही १९३३ साली पोर्तुगीज सरकारने केलेल्या नियमावलीवर चालतो, आणि सभेपुढे विषय मांडण्याचा हक्क महाजनाला आहे. वाचकांपैकी जे महाजन असतील त्यांनी येत्या सभेत रंगरंगोटी, जनित्र आणि वाहनतळ या विषयांच्या खाली हा एक विषय लिहून द्यावा. अध्यक्ष विचारतील, याची मागणी कोणी केली आहे? तेव्हा हे पान दाखवावे. कोषाध्यक्ष विचारतील, खर्च किती? तेव्हा गेल्या वर्षीच्या ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीचा आकडा वाचून दाखवावा. आणि कोणी वृद्ध सभासद मागून उठून म्हणाला की आमची शाळा येथेच, या पडवीत भरत होती, तर त्याला पुरते बोलू द्यावे.